अंगणाचा कोबा

जयाला घरापुढच्या अंगणात कोबा करून घ्यायचा होता तो शेवयांसाठी. तिचा नवरा अजिनाथ, त्याला तो हवा होता पाहुण्यांसाठी. पैसे मात्र एकाच डब्यात होते आणि ते जयाचे होते.

शेवगाव तालुक्यातलं त्यांचं गाव काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल चप्पल सोडत नाही, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि वारा सुटला की घरात भांड्यांवरही धूळ बसते. जयाकडे शेवयांचं मशीन होतं. फाल्गुन लागला की आसपासच्या गावांतल्या बाया रवा भिजवून घेऊन यायच्या, शेवया पाडून घ्यायच्या आणि तिच्याच अंगणात बाजांवर जुनी लुगडी अंथरून वाळत घालायच्या. धुळीनं शेवया करकरतात अशी तक्रार दरवर्षी यायची. गेल्या हंगामात तर एक वावटळ आली आणि सहा घरांच्या शेवया एकदम मातीत गेल्या. ज्यांच्या गेल्या त्या बायांना जयानं स्वतःच्या गव्हाचा रवा काढून पुन्हा पाडून दिल्या. त्या दिवशीच तिनं ठरवलं, की पुढच्या फाल्गुनाआधी हे अंगण सिमेंटचं करायचं. चार हंगामांतून बाजूला टाकलेले पन्नास हजार तिच्याकडे होते.

त्यातच दिवाळीनंतर धनश्रीचं लग्न जमलं. धनश्री ही त्यांची थोरली मुलगी, श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स होती. मुलाचं नाव कल्याण, तो कोपरगावकडचा. पाटाखालची बागायत, घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर. साखरपुडा माघात, मुलीच्या दारी करायचा ठरला. अजिनाथ पिकअपवर होता. गावातली झेंडूची फुलं भरून पहाटे शिर्डीला जायचा, दुपारी परत यायचा. साखरपुड्याची तारीख ठरल्यापासून तो परत आला की गाडीतून उतरून आधी अंगणाकडे बघत उभा राहायचा.

"सगळं अंगण करून घेऊ," तो म्हणाला. "ह्या भिंतीपासून त्या लिंबाच्या झाडापर्यंत. माणसं येनार हायत."

जयाची हरकत नव्हती. तिनं गोरक्ष मिस्त्रीला बोलावलं.

गोरक्षनं टेपनं माप घेतलं. तीस बाय वीस. मग पहारेनं एका जागी थोडं खणून माती हातात चुरून पाहिली.

"वहिनी, ह्या मातीवर नुसता कोबा टाकला तर टिकनार न्हाई," तो म्हणाला. "ही पानी पिऊन फुगती आनि उन्हात आकसती. वरचं सिमेंट तिच्यासंगं हालतं. फूटभर माती काढून मुरूम भरायचा, दुरमुस मारून बसवायचा, मग सळईची जाळी आनि वर चार इंच काँक्रीट."

"किती लागंल?"

गोरक्षनं बोटांवर हिशोब केला. मुरूम आणि जेसीबीचे बारा हजार, सिमेंटचे सतरा, खडी आणि कच मिळून अकरा, सळईचे चौदा, मिक्सर आणि मजुरी पंधरा. "आनि वर पानी मारायला टँकर. तुमच्या नळाला आठवड्यातून एकदा पानी. दहा दिवस कोबा वला ठिवावा लागतो, न्हाईतर सिमेंट वाया. त्याचे पाच धरा. चौऱ्याहत्तर झाले."

जयाच्या डब्यात होते पन्नास. अजिनाथ लगेच म्हणाला, "मुरूम आनि सळई काढून टाक. मग?"

"मग अठ्ठेचाळीस."

"बसतंय की मग पन्नासात!"

"बसतंय," गोरक्ष म्हणाला. "पन म्या आत्ताच सांगितलं, तसं केलं तर मला नंतर बोलवू नका."

तो गेल्यावर दोघांचं वाजलं. जयाचं म्हणणं सरळ होतं. सगळं अंगण जमत नसेल तर दारापुढचा वीस बाय वीस एवढाच भाग करू, पण पक्का करू. मुरूम, सळई सगळं घालून तो पन्नासात बसतो. लिंबाकडची बाजू मातीचीच राहू दे. अजिनाथला ते पटेना. अर्धं अंगण सिमेंटचं आणि अर्धं मातीचं म्हणजे फाटक्या धोतराला ठिगळ लावल्यासारखं दिसेल, असं तो म्हणाला. बचत गटातून कर्ज काढ, असंही म्हणाला. लग्नाचा खर्च पुढं उभा असताना कोब्यासाठी कर्ज काढणार नाही, असं जयानं सांगितलं. तिथं विषय थांबला आणि तीन-चार दिवस दोघं जेवणापुरतंच बोलले.

जयाची धाकटी बहीण पंकजा शेजारच्याच गावात दिलेली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे कोबा झाला होता, तोही स्वस्तातला. जयानं रविवारी अजिनाथला काहीतरी निमित्त काढून तिकडे नेलं. पंकजा चहा टाकायला आत गेली आणि अजिनाथ अंगणात फिरत राहिला. मधोमध एक भेग आडवी गेली होती, इतकी रुंद की तिच्यात गवत उगवलं होतं. एका कोपऱ्याचा तुकडा वर उचलला गेला होता. अजिनाथनं त्यावर पाय ठेवला तर तो डुगडुगला. दुसऱ्या बाजूला खळगा झाला होता आणि त्यात भांडी घासल्याचं पाणी साचून हिरवं पडलं होतं.

"मुरूम न्हवता घातला का?" त्यानं आत हाक मारून विचारलं.

"कुठला मुरूम!" पंकजा बाहेर येत म्हणाली. "महिनाभर लई झ्याक दिसत हुतं, दाजी. लोक बघायला यायचे. आता हे फोडून बाहेर काढायचेबी पैसे मागत्यात."

परतीच्या वाटेवर अजिनाथ पिकअप चालवत होता. गाव आल्यावर म्हणाला, "वीस बाय वीसच करू."

तो उगाच मान्य करणारा माणूस नव्हता, हे जयाला ठाऊक होतं.

पौषात कामाला सुरुवात झाली. जेसीबीनं माती काढली, मुरमाच्या ट्रॉल्या आल्या, दुरमुस बसला. मग गोरक्षनं कडेनं खुंट्या ठोकून दोरी बांधली, म्हणजे कोब्याची वरची लेव्हल कुठं येणार ते दिसावं. घरात पावसाचं पाणी येऊ नये म्हणून लेव्हल जुन्या अंगणापेक्षा वीतभर वर धरली होती आणि उतार पूर्वेला दिला होता.

पूर्वेला खुर्शीदचं घर. खुर्शीद पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला. तिचा मुलगा फैयाज नगरला गॅरेजमध्ये कामाला होता, रविवारी घरी यायचा. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती आणि तिच्या शेवटी जाण्यायेण्यापुरती वाट. जया तिला चाची म्हणायची. खुर्शीद त्या दिवशी दुपारी वाटेपाशी आली आणि दोरीकडे बघत राहिली. दोरी तिच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा चांगलीच उंच होती.

"अजिनाथ, एवढं वर येणार का हे?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग पावसाचं पाणी?"

"पानी काय, भाभी. पानी जातं कुठंबी," अजिनाथ म्हणाला आणि सिमेंटची पोती उतरवायला वळला.

पुन्हा एकदा दोरीकडे बघून खुर्शीद घरात गेली. जयानं ते ओट्यावरून पाहिलं. संध्याकाळी भाकरी करून झाल्यावर ती खुर्शीदकडे गेली.

खुर्शीदचं घर दोन खणांचं. दाराच्या आतच तिची खाट, खाटेखाली धान्याचा डबा आणि शिवणयंत्र. खाटेच्या चारही पायांखाली दोन दोन विटा होत्या. जयानं त्या कधी नीट पाहिल्या नव्हत्या.

"ह्या कशाला चाची?"

"मागच्या साली भादव्यात मोठा पाऊस झाला होता बघ. तेव्हा आलं होतं पाणी आत. मग लावल्या."

"आमाला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? पाऊस खुदाचा. त्याला कोण काय करणार?" खुर्शीद म्हणाली. मग तिनं पुढं म्हटलं, "पण जया, आता जे पाणी येईल ना, ते तुमच्या कोब्याचं असेल."

ती रागानं बोलली नव्हती. आजवर मातीचं अंगण पाणी पिऊन घ्यायचं. आता पडेल तेवढं सगळं पाणी घसरत ह्या उंबऱ्याशी येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोरक्षला विचारलं. तो म्हणाला, उपाय आहे. कोब्याच्या पूर्वेच्या कडेनं उथळ नाली करायची, तिला पाइप जोडायचा आणि भिंतीच्या अलीकडून तो रस्त्याच्या गटारीपर्यंत न्यायचा. पाइप, चेंबर, खोदाई मिळून सात हजार. काँक्रीट पडायच्या आत सांगा, नंतर जमणार नाही.

डब्यात जे होतं त्यातलं आता काहीच उरणार नव्हतं. कोबा अजून कापला तरच पाइप बसणार होता.

अजिनाथ दुपारी शिर्डीहून आला तेव्हा जयानं त्याला सांगितलं. तो भडकला.

"अजून कापायचा? आधीच तिसरा हिस्सा सोडला. उद्या म्हनशील, दारापुढं पाटभर करू! तिच्या घराची काळजी तिच्या पोरानं करावी."

"पानी आपलं हाय."

"साखरपुडा आपला हाय!" अजिनाथ म्हणाला. मग आवाज खाली आणून तो बोलायला लागला, पण त्याच्या बोलण्यात राग तसाच होता. "तुला म्हाईत न्हाई जया. कोपरगावकडच्या त्याच गावात माझ्या आयबापानं ऊस तोडलाय. तिथंच रस्त्याकडंला आमची पाचटाची कोपी हुती. म्या सहा-सात वर्साचा आसंन. बागायतदारांची पोरं सायकलवरनं शाळेत जायची अन् मी बैलांसाठी उसाची वाढं गोळा करायचो. आज त्या गावची मान्सं माझ्या दारात येनार. त्यास्नी बसायला चांगली जागा आसावी, येवढंच म्हनतोय. चुकीचं म्हनतोय का?"

जया लग्न होऊन आली तेव्हा ऊसतोडीला जाणं थांबलं होतं. घरची माणसं पूर्वी तोडीला जायची हे तिला ऐकून माहीत होतं, पण अजिनाथच्या तोंडून कधी आलं नव्हतं. ती त्याच्याजवळ बसली.

भागूबाई, अजिनाथची आई, दारात गहू निवडत होती. सत्तरी झाली होती, कान अजून चांगले होते.

"आजिनाथ," ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "त्याच कोपीत पाट फुटला हुता, त्ये याद हाय का?"

"हाय."

"पानी आत शिरलं तवा तुला म्या कुठं ठिवलं हुतं?"

तिनंच उत्तर दिलं.

"खांद्यावर. तांबडं फुटस्तवर. पिठाचा डबा ग्येला, बाजरी ग्येली. त्यो बागायतदार सकाळी आला आन् पाट कसा फुटला ते बघून ग्येला. आमाला कुनी काय इच्यारलं न्हाई." तिनं खडा काढून बाहेर टाकला. "पानी घरात शिरल्यावर काय हुतं, ते तुला खुर्शीदनं सांगाया पायजे का?"

अजिनाथ उठला आणि बाहेर जाऊन पिकअपच्या फाळक्यावर बसून राहिला. जयानं त्याला चहा नेऊन दिला. चहा संपवून कप तिच्या हातात देताना तो म्हणाला, "गोरक्षला पाइपाचं सांग. पन कोबा आता कापायचा न्हाई. खोदाई मी करतो, मजुरी वाचंल."

मजुरी वाचली तरी पाइप आणि चेंबरचे पाच हजार उभे करायचे होते. ते कसे सुटले, ते असं. संध्याकाळी अजिनाथ स्वतःच भिंतीपाशी गेला आणि त्यानं खुर्शीदला हाक मारली. पाइप टाकतोय, पाणी तुमच्याकडे येणार नाही, एवढंच त्यानं सांगितलं. काल तसं बोलायला नको होतं, हे तो बोलला नाही, पण त्याची मान खाली होती. खुर्शीदनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि कोब्यावर मारायला पाणी कुठून आणणार?" तिनं विचारलं.

"टँकर सांगितलाय."

"टँकर कशाला? माझ्या बोअरला सकाळी तासभर पाणी असतं. भिंतीवरून नळी टाका."

"तुमाला पुरायचं न्हाई, भाभी."

"मी एकटी. मला किती लागतं?"

टँकरचे पाच हजार वाचले. पाइपाला तेवढेच लागले. जयानं हे मनात दोनदा जुळवून पाहिलं, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

रविवारी फैयाज आला. अजिनाथ एका टोकानं आणि तो दुसऱ्या टोकानं खणत आले. काळी माती कोरडी पडली की दगडासारखी होते. दुपारपर्यंत दोघांच्या हाताला फोड आले. गोरक्षनं पाइपाला उतार देऊन चेंबर बांधला, बादलीभर पाणी ओतून ते गटारीत पडतंय का ते पाहिलं आणि मंगळवारी काँक्रीट टाकलं. मिक्सर सकाळी सुरू झाला तो ऊन कलल्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी कोब्याच्या कडेनं मातीचे छोटे बांध घालून त्यात पाणी भरलं. पुढं दहा दिवस सकाळी खुर्शीदच्या बोअरची मोटर चालू व्हायची, नळी भिंतीवरून इकडे यायची आणि भागूबाई पाटावर बसून कुठली कड सुकली ते ओरडून सांगायची. एक दिवस वीज आली नाही तेव्हा जया आणि खुर्शीदनं हंड्यांनी पाणी घातलं.

साखरपुड्याला कोपरगावकडून तीन गाड्या भरून माणसं आली. अजिनाथनं नवा पांढरा शर्ट घातला होता. कोब्यावर गालिचे अंथरले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. व्याही आले, बसले, कोब्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. अकराच्या पुढं ऊन चढलं, सिमेंट तापलं आणि म्हातारी माणसं एक एक करून खुर्च्या उचलून लिंबाच्या सावलीत, मातीवर जाऊन बसली. शेवटी व्याहीही तिकडेच गेले. अजिनाथ मधे उभा राहून ते बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की धनश्रीला हसू आवरेना. ती जयाच्या कानात म्हणाली, "आई, पप्पांना पाणी दे."

लिंबाखाली कल्याणची आजी भागूबाईच्या शेजारी बसली होती. अंगावर जरीचं लुगडं, हातात पाटल्या. तिनं विचारलं, "आमच्याकडं आला होता का कधी?"

अजिनाथ तेव्हा पानाचं तबक घेऊन जवळच उभा होता. आई काय बोलणार हे त्याच्या लक्षात आलं, पण मधे पडायला वेळ मिळाला नाही.

"आल्ते की," भागूबाई म्हणाली. "लई वर्सं आल्ते. तुमच्याच शिवारात ऊस तोडाया. कारखान्याच्या रस्त्याला आमची कोपी हुती."

जवळच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली.

आजीनं भागूबाईकडे नीट पाहिलं. "पाट फुटला होता, त्या साली होता का तुम्ही?"

"हुतो."

"आमच्या सासऱ्यांचं रान होतं ते," आजी म्हणाली. "मी तेव्हा धाकटी सून होते. तोडकऱ्यांच्या कोप्या वाहून गेल्या म्हणून घरात बोलणं चाललं होतं. मला वाटत होतं, भाकरी घेऊन जावं. पण सुनेला कोण विचारतं? मी काही गेले नाही."

भागूबाईनं आजीच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या बाजूला ठेवली, म्हणजे तिला नीट टेकून बसता यावं. जेवणाची हाक आली तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून उठल्या आणि पंगतीत शेजारी बसल्या. पुरी वाढताना अजिनाथ त्यांच्यापुढं आला तेव्हा आजी त्याला म्हणाली, "व्याही, दोन घाला. आम्ही बागायतवाले जास्त जेवतो."

सगळे हसले. अजिनाथनं तीन घातल्या.

फाल्गुनात शेवया सुरू झाल्या. त्या वर्षी रमजानही त्याच दिवसांत आला होता, त्यामुळे पहिली ऑर्डर खुर्शीदची, ईदसाठी बारीक शेवयांची. तिच्या नात्यातल्या चार घरांचा रवाही तिच्याबरोबर आला. रोजा होता तरी ती स्वतः बसून शेवया बाजांवर पसरत होती. तापलेल्या सिमेंटवर बाजा ठेवल्या की शेवया खालून-वरून वाळायच्या आणि दुपारीच कडक व्हायच्या. वारा सुटला तेव्हा धूळ लिंबाच्या बाजूनं थोडी उडाली खरी. जयानं ओलं पोतं आडवं लावलं आणि ती थांबली.

जया पैसे घेईना आणि खुर्शीद दिल्याशिवाय जाईना. बराच वेळ दोघींची ओढाताण चालली. शेवटी खुर्शीदनं निम्मे पैसे मशीनवर ठेवले आणि भिंतीपलीकडे निघून गेली.

अजिनाथ शिर्डीहून परत आला तेव्हा बाजांवर चिमण्या उतरायला लागल्या होत्या. जया दुसऱ्या गिऱ्हाइकाचा रवा मशीनमध्ये घालत होती. त्यानं गाडी लावली, पायातल्या चपला मातीवरच काढल्या, चटके खात कोब्यावरून चालत गेला आणि टॉवेल हातात घेऊन शेवया राखत उभा राहिला.